गाह्वे-दोंगच्या चढावरची घरे

सोलच्या जुन्या शहरात ग्यॉंगबोकगुंग आणि चांगदॉकगुंग या दोन राजवाड्यांच्या मधल्या चढणीवर बुकचोन ही वस्ती आहे. आनगुकच्या मेट्रो स्थानकातून बाहेर पडून उत्तरेकडे चालत राहिले की गाह्वे-दोंगमधली ती गल्ली लागते, जिचे छायाचित्र कोरियाविषयीच्या बहुतेक पर्यटन-पुस्तिकांमध्ये असतेच. दोन्ही बाजूंना कौलारू घरांच्या रांगा, एकमेकींना जवळजवळ भिडलेल्या वळणदार वळचणी, आणि मागे वळून पाहिले तर दूर दक्षिणेला नामसान टेकडीवरचा मनोरा. भाड्याने घेतलेले हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, घालून मुली येथे छायाचित्रे काढतात आणि हे सहाशे वर्षांपूर्वीचे कोरिया आहे असे बहुतेकांना मनोमन वाटत असते. वस्ती सहाशे वर्षांची आहे, हे खरेच आहे. या गल्लीतली बहुतेक घरे मात्र 1930च्या दशकात उभी राहिली. ती कोणा सरदाराने किंवा राजाच्या मंत्र्याने बांधलेली नाहीत. एका बांधकाम व्यावसायिकाने मोठमोठ्या जमिनी विकत घेतल्या, त्यांचे लहान तुकडे पाडले, त्यांवर ओळीने घरे बांधली आणि ती साध्या माणसांना विकली. हे ऐकून काहींचा हिरमोड होतो. कामानिमित्त सोलमध्ये राहू लागल्यापासून मी या भागात पुन्हा पुन्हा जाते आणि माझी या वस्तीशी खरी ओळख ही हकीगत समजल्यानंतरच झाली.

जोसॉन राजवटीत, म्हणजे जपानी अमलाआधीच्या कोरियन राजांच्या काळात, शहराच्या मधून वाहणारा चॉंगग्येचॉनचा ओढा ही एक मोठी सामाजिक सीमारेषा होती. ओढ्याच्या उत्तरेला, राजवाड्यांच्या सावलीत, दरबारातले मानकरी आणि उच्चपदस्थ राहत असत. दक्षिणेला नामसानच्या पायथ्याशी अधिकारपद न मिळालेल्या, बहुधा ओढगस्तीत जगणाऱ्या विद्वानांची घरे होती. 1910 साली जपानने कोरिया आपल्या साम्राज्याला जोडून घेतला, तेव्हा जपानी वसाहत आधीपासूनच या दक्षिण भागात, म्हणजे आजच्या छुंगमुरो आणि म्यॉंगदोंगच्या परिसरात, पाय रोवून होती. चांगले रस्ते, विजेचे दिवे, मोठी दुकाने प्रथम तिकडे आली. जपानी गव्हर्नर-जनरलचे कार्यालयही आरंभी नामसानवरच होते. 1926 साली ते थेट ग्यॉंगबोकगुंगच्या आवारात, राजाच्या सिंहासनाच्या दालनासमोर बांधलेल्या प्रचंड दगडी इमारतीत हलवण्यात आले आणि त्याच्या मागोमाग जपानी अधिकाऱ्यांची निवासस्थाने ओढा ओलांडून उत्तरेकडे सरकू लागली. त्याच सुमारास जुन्या घराण्यांचे उत्पन्न आटले होते. शंभर माणसांचा राबता असलेले वाडे सांभाळणे त्यांना झेपेना आणि त्यांच्या जमिनी बाजारात येऊ लागल्या. खेड्यांतून शहरात येणाऱ्यांची रीघ वाढत होती आणि घरांची टंचाई तीव्र झाली होती. या जमिनी कोणाच्या हाती पडणार, यावर शहराच्या मध्यभागी कोण राहणार हे ठरणार होते.

येथे जॉंग से-ग्वोन यांचा प्रवेश होतो. 1888 साली दक्षिण ग्यॉंगसांग प्रांतातल्या गोसॉंग येथे जन्मलेल्या या गृहस्थांनी सोलमध्ये येऊन 1920 साली ‘गॉन्यांगसा’ ही बांधकाम कंपनी काढली. इक्सॉन-दोंग, गाह्वे-दोंग अशा ठिकाणच्या मोठ्या मालमत्ता ते विकत घेत, त्या जमिनीचे लहान भूखंड करीत आणि प्रत्येक भूखंडावर एकेक हानोक, म्हणजे पारंपरिक बांधणीचे कोरियन घर, उभे करीत. एकरकमी पैसे देणे शक्य नसलेल्या गिऱ्हाइकांसाठी त्यांनी हप्त्यांची सोय ठेवली होती. कोरियन माणसे संख्येने शहरात टिकून राहिली तरच जोंगनोचा, म्हणजे ओढ्याच्या उत्तरेकडचा, परिसर त्यांचा राहील, अशी त्यांची धारणा होती असे सांगितले जाते. ते व्यापारी होते आणि त्यांनी या व्यवसायात भरपूर पैसा मिळवला, हे कोणी लपवत नाही, आणि लपवण्याचे कारणही नाही. ज्या काळात जमीन विकत घेण्याची ऐपत हीच सत्तेची भाषा होती, त्या काळात त्याच भाषेत दिलेले हे उत्तर होते. शिवाय ते टिकले. उत्तरेकडचा हा भाग कोरियन माणसांचा राहिला, यात या लहान घरांचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

ही घरे जवळून पाहण्यासारखी आहेत. रस्त्याच्या बाजूच्या भिंतीचा खालचा भाग चौकोनी घडीव ग्रॅनाइटच्या चिऱ्यांचा असतो, वरचा विटांचा, आणि विटांमधले सांधे पांढऱ्या रेघांनी उठावदार केलेले असतात. त्यावर छोटीशी खिडकी असते, तीही उंचावर, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर आत जात नाही. छपरावर आपल्या नळीच्या कौलांसारखी दोन प्रकारची कौले असतात, एक उताणी आणि तिच्या सांध्यावर दुसरी पालथी. वळचणीच्या टोकाला नक्षीदार कौल येते आणि त्याच्या खाली पत्र्याची पन्हळ. ही पन्हळ जुन्या सरदारी हानोकांना नसे, कारण तेथे अंगण मोठे आणि शेजार दूर असल्यामुळे पावसाचे पाणी कोठेही पडले तरी बिघडत नसे. येथे दोन घरांच्या वळचणींमध्ये हातभर जागाही उरत नाही, म्हणून पाणी पन्हळीतून आपल्याच अंगणात आणावे लागते. दरवाजातून आत गेले की ‘मादांग’ म्हणजे अंगण, त्याच्या तीन किंवा चारही बाजूंना खोल्या, मध्ये लाकडी फळ्यांची मोकळी ओसरी, आणि झोपण्याच्या खोल्यांच्या जमिनीखाली ‘ओंदोल’. स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर आणि ऊब जमिनीखाली बसवलेल्या दगडी लाद्यांच्या पोटातून फिरवून खोली तापवण्याची ही युक्ती फार जुनी आहे. आज त्या जागी गरम पाण्याच्या नळ्या आहेत, पण तापलेल्या जमिनीवर बसण्याची, जेवण्याची आणि झोपण्याची सवय नव्या उंच इमारतींतल्या सदनिकांमध्येही तशीच चालू आहे. ओसरीच्या अंगणाकडील उघड्या बाजूला या घरांत काचेची दारे बसवली गेली. हिवाळ्यात ओसरीही वापरता यावी, हा त्यामागचा साधा हेतू होता.

ही काच, हा पत्रा आणि या विटा पाहून बराच काळ जाणकारांनी नाक मुरडले. हे अस्सल हानोक नव्हेत, बाजारासाठी घाऊक भावाने बांधलेली घरे आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. मला या आक्षेपात फारसा अर्थ दिसत नाही. परंपरा टिकायची असेल तर तिला तीस-चाळीस प्योंगच्या, म्हणजे हजार-चौदाशे चौरस फुटांच्या भूखंडावर मावता आले पाहिजे, कारकुनाच्या पगारात बसता आले पाहिजे, आणि नळाच्या पाण्याशी व विजेच्या तारेशी जमवून घेता आले पाहिजे. गाह्वे-दोंगच्या सुतारांनी आणि गवंड्यांनी नेमके हेच साधले. त्यांनी अंगण सोडले नाही, ओंदोल सोडला नाही, छपराचा बाक सोडला नाही. बाकी जे बदलणे भाग होते ते बदलले.

गाह्वे-दोंगच्या पश्चिमेला उतारावर ह्वा-दोंग आहे. तेथल्या एका कडेला जोसॉन भाषा संस्थेच्या जागेची खूण सांगणारा दगड आहे. त्याच्याजवळून रोज हजारो माणसे जातात. बुकचोनमध्ये माझ्या लेखी त्याच्याइतके मोलाचे स्थळ दुसरे नाही.

कोरियन भाषेचे अभ्यासक 1921 पासून संघटित झाले होते आणि 1931 साली त्यांनी ‘जोसॉन भाषा संस्था’ हे नाव घेतले. 1933 साली त्यांनी हांगुल लिपीच्या लेखनाचे एकसूत्री नियम प्रसिद्ध केले. प्रमाण शब्द ठरवणे आणि संपूर्ण भाषेचा कोश तयार करणे ही पुढची कामे होती. त्यासाठी बसायला जागा हवी होती, आणि ती 1935 साली जॉंग से-ग्वोन यांनी दिली: ह्वा-दोंगमधली एक दुमजली इमारत, जमिनीसह. मराठी वाचकाला या तारखा पाहून आपल्या भाषेतले एक काम आठवल्याशिवाय राहणार नाही. दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड 1932 ते 1938 या काळात, म्हणजे जवळजवळ याच वर्षांत प्रसिद्ध झाले. आपल्याकडेही पारतंत्र्य होते, पैशाची चणचण होती. पण मराठी कोश करणे हा गुन्हा नव्हता. कोरियात तो गुन्हा ठरला. 1938 पासून शाळांतून कोरियन भाषा हद्दपार होऊ लागली, 1940 साली लोकांवर जपानी पद्धतीची नावे लादली गेली, आणि त्याच वर्षी कोरियन भाषेतली मोठी दैनिके बंद पाडण्यात आली. ह्वा-दोंगच्या त्या इमारतीत मात्र शब्दांचे अर्थ लिहिणे चालूच होते. गावोगावचे शिक्षक आणि विद्यार्थी आपापल्या भागातले शब्द संस्थेला टपालाने पाठवत होते.

1942च्या ऑक्टोबरात धरपकड सुरू झाली. पोलिसांनी उत्तरेकडच्या हामहंग शहरातल्या एका प्रकरणाचा धागा पकडून कोशाच्या कामातल्या एका माजी शिक्षकाला आणि त्याच्यामार्फत संपूर्ण संस्थेलाच गोवले आणि 33 जणांवर कारवाई केली. कोशाचे हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झाले. ई युन-जे 1943च्या डिसेंबरात आणि हान जिंग 1944च्या फेब्रुवारीत हामहंगच्या तुरुंगात मरण पावले. दोघेही अभ्यासक होते. त्यांचा अपराध एवढाच होता की त्यांनी आपल्या भाषेतल्या शब्दांची नोंद केली. जॉंग से-ग्वोन यांनाही पकडून त्यांचा छळ करण्यात आला आणि तुकसॉम येथली त्यांची मोठी जमीन काढून घेण्यात आली. शहरात सर्वाधिक घरे बांधणाऱ्यांत ज्यांची गणना होत असे, त्यांचा व्यवसाय त्यानंतर पूर्वीसारखा उभा राहिला नाही. 1965 साली ते वारले.

हस्तलिखिताचे पुढे काय झाले, हे सांगताना मला आजही भरून येते. आरोपींनी वरच्या न्यायालयात दाद मागितल्यामुळे पुराव्याची कागदपत्रे हामहंगहून सोलला पाठवण्यात आली होती. 1945च्या ऑगस्टात जपानने शरणागती पत्करली आणि सुटून आलेले सदस्य आपले लेखन शोधू लागले. 8 सप्टेंबर 1945 रोजी सोल स्थानकावरच्या एका गोदामात ते सापडले, हजारो पानांचे, चार-चौघांच्या हस्ताक्षरांतले, दुरुस्त्यांनी भरलेले. त्यावरून पहिला खंड 1947 साली हांगुल दिनी निघाला. मधे कोरियन युद्ध झाले, शहर दोनदा हातचे गेले आणि दोनदा परत आले, कागद मिळेना म्हणून रॉकफेलर प्रतिष्ठानची मदत घ्यावी लागली, आणि सहावा म्हणजे शेवटचा खंड 1957 साली बाहेर पडला. आज कोरियन मालिकांमुळे हांगुल शिकणारी जी मुले पुण्या-मुंबईत आहेत, त्यांच्या हाती येणाऱ्या प्रत्येक कोशाच्या मुळाशी ही पाने आहेत.

जॉंग से-ग्वोन यांचे दुसरे काम आपल्याला आणखी जवळचे वाटेल. प्यॉंगयांगमध्ये 1920 साली चो मान-सिक यांच्या पुढाकाराने देशी मालाच्या वापराची चळवळ सुरू झाली आणि 1923 साली सोलमध्ये तिची संघटना उभी राहिली. चो मान-सिक यांच्यावर गांधीजींचा प्रभाव होता आणि त्यांना ‘कोरियाचे गांधी’ म्हटले जाते. देशी कापड नेसा, देशी वस्तू वापरा, हा तिचा आग्रह होता. पुढे ही संघटना डबघाईला आली तेव्हा जॉंग यांनी तिला पैसा आणि जागा दोन्ही पुरवले. महाराष्ट्रात वंगभंगाच्या काळापासून स्वदेशीची आठवण घराघरांत आहे, त्यामुळे घरे बांधणारा माणूस स्वदेशीला आणि भाषेला पैसे का देतो, हे आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

याच गाह्वे-दोंगमध्ये एक अगदी निराळे घर आहे. बेक इन-जे यांचे घर म्हणून ते ओळखले जाते आणि 2015 पासून ते लोकांसाठी खुले आहे. हे 1913 साली हान सांग-र्योंग या बँकेच्या अधिकाऱ्याने बांधले. जपानी सत्तेशी हातमिळवणी करून मोठ्या झालेल्यांपैकी तो एक होता. आमनोक नदीच्या खोऱ्यातले काळे पाइन लाकूड, पुरुषांचा आणि बायकांचा भाग जोडणारा आतला बंद बोळ, एका भागावर चढवलेला दुसरा मजला, अशी जपानी वळणाची वैशिष्ट्ये त्यात आहेत. तेथल्या मेजवान्यांना जपानी उच्चाधिकारी येत असत. 1944 साली हे घर शल्यविशारद बेक इन-जे यांनी घेतले, आणि 1950 साली युद्धात त्यांना उत्तरेकडे नेण्यात आले. ते परत आले नाहीत. घर अत्यंत देखणे आहे. त्याच्या बागेतून वर चढून वस्तीच्या छपरांकडे पाहिले म्हणजे दोन प्रकारची घरे एकाच दृष्टिक्षेपात येतात. मोठ्या घराची सुंदरता नाकारण्याची मला गरज वाटत नाही, पण तेथे दिली जाणारी माहिती नीट वाचल्याशिवाय त्याचे कौतुक करू नये, असे मला मनापासून वाटते.

ग्ये-दोंगची गल्ली बुकचोनच्या पूर्व अंगाला आहे. तिच्या वरच्या टोकाला जुंगआंग शाळा आहे. 1919च्या जानेवारीत तोक्योहून आलेल्या एका कोरियन विद्यार्थ्याने तेथल्या शिक्षकांच्या रात्रपाळीच्या खोलीत तोक्योच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या स्वातंत्र्य-घोषणेचा मसुदा पोहोचवला. आज शाळेच्या आवारात ती खोली नव्याने उभारलेली आहे. गल्लीत खाली भिक्षू आणि कवी हान योंग-उन, म्हणजे मानहे, यांचे घर होते. तेथून 1918 साली ते एक मासिक काढत. 1919च्या 28 फेब्रुवारीच्या रात्री गाह्वे-दोंगमध्ये चळवळीचे एक नेते सोन ब्यॉंग-ही यांच्या घरी कोरियाच्या स्वातंत्र्य-घोषणेवर सह्या करणारे एकत्र जमले आणि दुसऱ्या दिवशी, 1 मार्चला, शहर रस्त्यावर उतरले. ही सारी ठिकाणे एकमेकांपासून चालत दहा मिनिटांच्या आत आहेत. शेजारधर्माच्या जोरावर चळवळ कशी उभी राहते, हे समजून घ्यायचे असेल तर नकाशा बाजूला ठेवून हे अंतर पायी चालावे.

ग्ये-दोंगच्या याच गल्लीच्या तोंडाशी बुकचोन सांस्कृतिक केंद्र आहे. ते 1921 साली बांधलेले एक घर आहे आणि त्याची रचना चांगदॉकगुंगच्या आवारातल्या एका निवासस्थानावरून घेतलेली आहे. तेथे बूट काढून ओसरीवर बसता येते. मी तेथे पुष्कळदा बसले आहे. ओसरीची जमीन लांब पट्ट्यांच्या खाचांमध्ये आखूड फळ्या सरकवून तयार केलेली आहे, खिळा कोठेही नाही. लाकूड हिवाळ्यात आक्रसते आणि फळ्यांमध्ये बारीक फट पडते; ती मोठी झाली की फळ्या एका बाजूला सरकवून शेवटची बदलायची. अनेक पावलांनी गुळगुळीत झालेल्या त्या फळ्यांवर हात फिरवताना मला नेहमी वाटते की दुरुस्ती करता येण्याजोगे बांधणे, हाच या वास्तुकलेचा सर्वांत मोठा गुण असावा.

दुरुस्तीचा प्रश्न पुढे राजकीय झाला. 1970च्या दशकात सरकारने नामांकित शाळा हान नदीपलीकडे, नव्या गांगनाम भागात हलवल्या, आणि बुकचोनमधली सुखवस्तू कुटुंबेही तिकडे गेली. जुन्या ग्यॉंगगी शाळेच्या इमारतीत आज जॉंगदोक वाचनालय आहे. 1983 साली वस्तीवर कडक बंधने आली. कौल बदलायचे म्हटले तरी परवानगी लागे आणि मदत मात्र कसलीच मिळत नसे. गळक्या छपराखाली राहणाऱ्यांचा संताप वाढत गेला आणि 1991 साली बंधने सैल होताच हानोक पाडून तेथे विटांच्या तीन-चार मजली इमारती भराभर उभ्या राहिल्या. अखेर रहिवासी आणि सोल महापालिका यांच्या बोलण्यांतून 2001 साली नवी योजना आली. घरमालकाने आपखुशीने हानोकाची नोंदणी करावी आणि महापालिकेने दुरुस्तीच्या खर्चाचा वाटा उचलावा, असे तिचे सूत्र होते. सक्तीने जे जमले नव्हते ते या मार्गाने पुष्कळसे जमले. मात्र त्यामुळे जागांचे भाव चढले, जुने भाडेकरू गेले, काही घरे वर्षातून थोडे दिवस वापरली जाणारी झाली, आणि इक्सॉन-दोंगमध्ये तर जॉंग यांनी कष्टकरी कुटुंबांसाठी बांधलेल्या घरांच्या अंगणांवर काच घालून उपाहारगृहे थाटली गेली. छपरे वाचली याचा आनंद आहेच, पण इक्सॉन-दोंगच्या त्या गल्ल्यांत रात्री कोणी झोपत नाही, हे मला खुपते.

गाह्वे-दोंगमध्ये अजून माणसे राहतात, म्हणून तेथला संघर्ष जिवंत आहे. पहाटे दाराशी छायाचित्रे काढणारे, दार उघडे दिसले की आत डोकावणारे, उंबऱ्यावर कचरा टाकणारे पाहुणे यांना कंटाळून अनेक कुटुंबे निघून गेली आणि वस्तीची लोकसंख्या घटतच राहिली. त्यामुळे जोंगनो जिल्ह्याच्या प्रशासनाने ती प्रसिद्ध गल्ली आणि तिच्या आसपासचा भाग निर्बंधित ठरवून नोव्हेंबर 2024 पासून संध्याकाळी 5 ते सकाळी 10 या वेळेत पर्यटकांना मनाई केली आणि मार्च 2025 पासून नियम मोडणाऱ्याला 1,00,000 वॉन दंड ठेवला. हा निर्णय मला योग्य वाटतो. ज्या घरांचे मोल त्यांत माणसे टिकून राहिली यात आहे, त्या घरांतली माणसे पाहुण्यांच्या गर्दीमुळे जाणार असतील, तर पाहुण्यांनी मागे सरले पाहिजे. व्यापाराचे नुकसान होते अशी दुकानदारांची तक्रार आहे आणि तीही खोटी नाही. पण दुकानाला रस्ता बदलता येतो, नव्वदीतल्या आजीबाईंना अंगण बदलता येत नाही.

महाराष्ट्रातून सोलला जाणाऱ्यांना म्हणून मी एक क्रम सुचवते. सकाळी दहानंतर आनगुकहून निघून प्रथम ग्ये-दोंगच्या सांस्कृतिक केंद्रात जावे, तेथली माहिती पाहावी, मग बेक इन-जे यांचे घर, आणि त्यानंतर गाह्वे-दोंगची गल्ली हळू आवाजात, न रेंगाळता ओलांडावी. तेथून पश्चिमेला उतरून ह्वा-दोंगचा तो दगड शोधावा. त्या ठिकाणी पोहोचायला संध्याकाळचे पाच वाजून गेले तरी चालते, कारण तो भाग कोणाच्या दाराशी नाही. दगडावरचा कोरियन मजकूर वाचता येत नसेल तर एखाद्या जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारावे. मी विचारले होते, आणि शाळेचा गणवेश घातलेल्या एका मुलीने थांबून तो मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला.